आपल्या पणजीची बातमी कुणाच्या मालकीची?

घराण्याचा इतिहास शोधणं हा रिटायर झालेल्यांचा उद्योग असं बरेच जण समजतात, आणि वेळ खाणारं काम आहेच ते. पण हे काम ज्या कागदांवर चालतं ते कागद सांभाळायचे कुणी आणि बघू द्यायचे कुणाला, हा प्रश्न काही कुणा एकाच्या हौसेचा नाही. माझं म्हणणं असं आहे की छोट्या छोट्या गावांतून निघालेली जुनी वर्तमानपत्रं आणि वंशावळीचं काम करणाऱ्या संस्थांनी जमवलेल्या नोंदी ही सगळ्यांची मालमत्ता आहे, ती स्कॅन होऊन, शोधता येईल अशी, फुकट मिळायला हवी आणि त्याचा खर्च सरकारनं दरवर्षीच्या बजेटमधून करायला हवा. कंपन्यांच्या सबस्क्रिप्शनवर हे सगळं सोडून देणं मला अजिबात पटत नाही.

आधी पेपरच का, ते सांगतो. चर्चच्या आणि सरकारी नोंदी हा या शोधाचा पाया, त्यात वादच नाही. इंग्लंडमधे प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीनं, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवावं असा हुकूम राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं 1538 साली काढला, पुढे जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली, म्हणून तिथले लोक कितीतरी पिढ्या मागे जाऊ शकतात. पण ती नोंद आपल्याला देते काय? नाव, तारीख, बापाचं नाव, फार तर धंदा. माणूस जन्मला, लग्न झालं, गेला. मधल्या साठ वर्षांचं काय? रजिस्टर तिथं गप्प बसतं आणि गावचा पेपर बोलायला लागतो. दुकानाला आग लागली ती बातमी, शेताच्या हद्दीवरून कोर्टात गेलेला दावा, शाळेत मिळालेलं बक्षीस, बायको घर सोडून गेली, तिच्या उधारीला मी जबाबदार नाही अशी नवऱ्यानं दिलेली जाहीर नोटीस, पोस्टात कुणाकुणाची पत्रं न नेता पडून आहेत त्यांची यादी, अमक्याची बहीण परगावाहून आठवडाभर राहायला आली होती एवढीच दोन ओळींची खबर. त्या दोन ओळींत बहिणीचं लग्नानंतरचं आडनाव असतं आणि तिचं गाव असतं, आणि वर्षानुवर्षं अडलेला शोध तिथून पुढे सरकतो.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांचं वाटतं. 1850 आणि 1860 च्या तिथल्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते आणि त्यात मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग, रंग असं लिहिलेलं असायचं, नाव जवळजवळ कुठेच नाही. ही सगळी माणसं नावानिशी जनगणनेत येतात ती 1870 ला. म्हणजे त्यांच्या वंशजांना 1870 च्या मागे जायचं म्हटलं की भिंतच. पण गुलामगिरी संपवणारं यादवी युद्ध संपल्यावर याच माणसांनी पेपरात जाहिराती द्यायला सुरुवात केली, माझी आई कुठे आहे, भावाला लहानपणी विकलं तो कुणी पाहिलाय का, म्हणून. न्यू ऑर्लीन्समधे निघणाऱ्या 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट'मधे 'हरवलेले जिवलग' अशा अर्थाच्या मथळ्याचं एक सदरच होतं, वर्गणीदारांना ते फुकट होतं, इतरांना पन्नास सेंट, आणि चर्चमधे पाद्र्यांनी ही पत्रं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवावीत असं पेपरवाले सांगायचे, कारण ज्याच्यासाठी जाहिरात आहे त्याला वाचता येत असेलच असं नाही. त्या चार-सहा ओळींत काय काय असायचं बघा: आईचं नाव, भावंडांची नावं, पहिला मालक कोण, त्यानं कुणाला विकलं, कुठल्या गावी ताटातूट झाली. जे जनगणनेनं लिहायचंच नाकारलं ते या माणसांनी स्वतःच्या पैशानं छापून ठेवलं. आज अशा अडीच हजारांहून जास्त जाहिराती न्यू ऑर्लीन्समधल्याच एका इतिहास संस्थेनं कुणालाही फुकट बघता येतील अशा ठेवल्यात. आता मला सांगा, ज्या आईनं मुलगा सापडावा म्हणून पन्नास सेंट मोजले तिच्या नातवाच्या नातवाकडून तीच जाहिरात बघायचे पुन्हा पैसे घ्यायचे, हे कुणाला बरोबर वाटेल?

आयरिश लोकांचंही असंच. बॉस्टनच्या 'पायलट' या पेपरात 1831 पासून 1921 पर्यंत, म्हणजे तब्बल नव्वद वर्षं, हरवलेल्या माणसांच्या जाहिराती येत होत्या, आणि त्यात आयर्लंडमधलं नेमकं गाव, पॅरिश लिहिलेलं असायचं. अमेरिकन सरकारी कागदात बहुतेक वेळा नुसतं 'आयर्लंड' एवढंच.

अर्थात पेपरात आलं म्हणजे खरं, असं मी म्हणत नाहीये. छापलेली गोष्ट चुकते, आणि घाईत छापलेली जास्त चुकते. निधनवार्तेचंच घ्या. माणूस कधी गेला, दफन कुठं झालं, हे त्यात सहसा बरोबर असतं कारण ते कालपरवाचं आहे, पण जन्म कुठला, आईचं माहेरचं नाव काय, हे सुनेनं किंवा जावयानं ऐकीव सांगितलेलं असतं, ते दुसरीकडून पडताळल्याशिवाय घेऊ नये. एकाच बातमीतली एक ओळ पक्की आणि दुसरी कच्ची असू शकते, हे ज्याला कळलं त्याला निम्मं काम कळलं. अमेरिकेत वंशावळ अभ्यासकांना प्रमाणपत्र देणारं एक बोर्ड 1964 पासून आहे, त्यांचा आग्रह हाच असतो की शोध सगळीकडे घ्या, प्रत्येक गोष्ट कुठून घेतली ते लिहा, विरोधी पुरावा आला तर तो लपवू नका, त्याचा निकाल लावा. हा आग्रह उगाच नाही. गुस्ताव्ह अंजू नावाच्या माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकन घराण्यांना हव्या तशा वंशावळी बनवून विकल्या, खऱ्या कागदांत खोटे दुवे मिसळून, आणि त्या छापील वंशावळी पुढे लायब्ररीत गेल्या, तिथून लोकांच्या घरच्या वह्यांत गेल्या आणि आज इंटरनेटवरच्या घराण्याच्या झाडांत जाऊन बसल्यात. त्या खोडून काढायच्या तर मूळ कागद उघडे असायला हवेत, दुसरा उपाय नाही. म्हणजे फुकट प्रवेश ही नुसती सोय नाही, खोटं पकडायचं साधन आहे ते. जो कागद बघायला पैसे पडतात तो फार थोडे लोक बघतात, बाकीचे कुणीतरी लिहिलेलं झाड तसंच्या तसं उचलतात.

पेपरात शोध कसा घ्यायचा याबद्दल थोडं बोलतो कारण अनेक जण नाव टाकून बघतात, काही येत नाही, आणि सोडून देतात. स्कॅन केलेलं पान मशीन वाचतं, त्याला ओसीआर म्हणतात, आणि जुन्या पुसट छपाईवर ते बरंच चुकतं. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईत लांबट 'एस' असायचा, तो मशीनला 'एफ' वाटतो, म्हणजे ज्या आडनावात 'एस' आहे ते आडनाव सापडणारच नाही. ओळीच्या शेवटी तुटलेलं नाव दोन तुकडे होऊन पडतं, कधी कधी तर मशीन शेजारच्या कॉलममधे घुसून दोन बातम्यांची खिचडी करतं. म्हणून नावाऐवजी पत्ता टाकून बघावा, धंदा टाकावा, शेजाऱ्याचं नाव टाकावं. शेजारीपाजारी, लग्नातले साक्षीदार, तिरडीला खांदा देणारे, एकाच जहाजातून आलेले, ही माणसं सहसा नात्यातली किंवा मूळ एकाच गावची निघतात, आणि अंत्ययात्रेला कोण कोण आलं याची पेपरातली यादी म्हणजे अख्ख्या गोतावळ्याचा नकाशाच असतो. बायकांसाठी तर वेगळीच युक्ती लागते. कितीतरी बायका आयुष्यभर पेपरात आल्या त्या नवऱ्याच्या नावापुढे 'मिसेस' लावून, स्वतःचं नाव कुठेच नाही, तेव्हा पणजीला शोधायचं तर पणजोबाच्या नावानं शोधावं लागतं आणि मग तिच्या भावाच्या निधनवार्तेत, मागे राहिलेल्या बहिणींच्या ओळीत, ती सापडते. हे सगळं करायला शंभर वेळा शोधून, शंभर पानं उघडून, नव्व्याण्णव टाकून द्यावी लागतात. पानामागे पैसे किंवा महिन्याला सबस्क्रिप्शन असेल तर माणूस दहाव्या पानावर थांबतो. शोधाची पद्धतच अशी आहे की ती मीटर चालू ठेवून होत नाही.

आता संस्थांकडे येतो. वंशावळीच्या संस्था जुन्या आहेत, बॉस्टनची 1845 ची, युटा या अमेरिकन राज्यातली 1894 ची, लंडनची 1911 ची, आणि यांचं काम मोठं आहे. युटाच्या संस्थेनं 1938 पासून जगभरच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म घेतल्या, डोंगरात कोरलेल्या तिजोरीत ठेवल्या आणि 2021 मधे त्या जवळपास चोवीस लाख रिळांचं डिजिटल रूप करून संपवलं. त्यामागे त्यांच्या मॉर्मन चर्चची धार्मिक प्रेरणा आहे हे खरं, पण त्यातला फार मोठा भाग फॅमिलीसर्च या साईटवर ते कुणालाही फुकट दाखवतात, हेही खरं. मला मात्र जास्त काळजी वाटते ती गावोगावच्या छोट्या संस्थांची. वीस-पंचवीस सभासद, त्यातले बहुतेक सत्तरीच्या पुढचे, त्यांनी कधीतरी चाळीस वर्षांपूर्वी रविवारी रविवारी दफनभूमीत जाऊन एकेक दगड वाचून वहीत उतरवलाय. वालुकाश्माचा दगड पापुद्र्यांनी सुटतो, त्यावरची अक्षरं पावसापाण्यानं जातात, म्हणजे आज ती वही हीच मूळ नोंद झालीय, दगड कोरा आहे. घरोघरच्या बायबलमधे पहिल्या पानांवर लिहिलेले जन्म-मृत्यू त्यांनी उतरवून घेतलेत, बंद पडलेल्या अंत्यविधीच्या दुकानांची हिशेबाची बुकं त्यांच्याकडे आहेत, पेपरातल्या निधनवार्तांची कात्रणं वहीत डकवलेली आहेत. आणि हे सगळं असतं कुठं, तर सेक्रेटरीच्या घरी माळ्यावर. सेक्रेटरी गेला, मुलांनी घर विकलं, खोकी रद्दीत. याला कायद्याचा कसलाही आधार नाही. सरकारी दप्तर जाळलं तर गुन्हा होईल, ही खोकी फेकली तर कुणी विचारणार पण नाही.

ऑनलाइन टाकलं म्हणजे वाचलं असंही नाही. रूट्सवेब या वंशावळीच्या साईटवर हजारो स्वयंसेवकांनी आपापल्या भागाच्या याद्या वर्षानुवर्षं टाईप करून ठेवल्या होत्या, ती साईट 2000 साली अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीची सबस्क्रिप्शन विकणाऱ्या कंपनीकडे गेली, 2017 च्या डिसेंबरात लॉगिनची माहिती फुटल्यावर सगळीच बंद ठेवावी लागली आणि नंतर एकेक भाग करत थोडीफार परत आली. आणि अ‍ॅन्सेस्ट्री स्वतः 2020 मधे ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीनं 4.7 अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. यात कुणी बेकायदा काही केलं असं माझं म्हणणं नाही, पण ज्यांनी रात्री जागून त्या याद्या टाईप केल्या त्यांना आपलं काम पुढे कुणाच्या हातात जाईल यावर एक शब्द बोलायचा अधिकार नव्हता, हे मला खुपतं.

कागद किती सहज जातो हे बघा. अमेरिकेची 1890 ची जनगणना 1921 च्या आगीत सापडली, तिचे अगदी थोडे तुकडे राहिलेत. इंग्लंड आणि वेल्सची 1931 ची 1942 मधे जळाली. डब्लिनचं सार्वजनिक दप्तर 1922 च्या जूनमधे लढाईत उडालं, कित्येक शतकांचे कागद आकाशातून शहरावर पडले म्हणतात. आणि आयर्लंडच्या 1861 ते 1891 च्या चार जनगणनांचे फॉर्म तर कुठल्या लढाईत गेले नाहीत, ते सरकारनं स्वतःच नष्ट केले, त्यातल्या शेवटच्या दोनचा पहिल्या महायुद्धात लगदा झाला. अशा ठिकाणी पेपर उपयोगी पडतो कारण तो एका इमारतीत नसतो, छापून घरोघरी गेलेला असतो. पण पेपरही अमर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीसेक वर्षांत लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, त्यात आम्ल असतं, तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. लंडनजवळ कॉलिनडेलला ब्रिटिश म्युझियमचं पेपरांचं कोठार होतं, त्यावर ऑक्टोबर 1940 मधे बॉम्ब पडला आणि प्रांतोप्रांतीच्या पेपरांचे सुमारे सहा हजार बांधीव खंड गेले. काही छोट्या पेपरांची तीच एकमेव पूर्ण फाईल होती. त्यांची दुसरी प्रत कुठल्यातरी घरात असेल तर असेल.

आणि हो, फोटो काढला की मूळ कागद टाकून द्यायचा हा जो प्रकार लायब्रऱ्यांनी विसाव्या शतकात केला तो थांबलाच पाहिजे. मायक्रोफिल्मवर अंक सुटलेले असतात, कोपरे कापलेले असतात, रंगीत पानं काळी होतात, आणि मूळ फेकल्यावर दुरुस्तीची सोयच राहत नाही. 1999 मधे ब्रिटिश लायब्ररीनं परदेशी पेपरांचे मोठे संच विकायला काढले तेव्हा एका अमेरिकन लेखकानं संस्था काढून, लोकांकडून पैसे उभे करून ते वाचवले, ते आता ड्यूक विद्यापीठात आहेत. एका माणसाला हे सुचलं म्हणून वाचले, नाहीतर कापून एकेक अंक वाढदिवसाची भेट म्हणून विकले गेले असते, तसा धंदा करणारे तिथे बोली लावत होतेच.

पैशाच्या बाजूनं जे बोलतात त्यांचं म्हणणं मला समजतं. स्कॅनिंगला खर्च येतो, कंपनीनं पैसे घातले नसते तर ही पानं अजून कपाटातच असती, मग तिनं वसूल करू नये का? ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह ही सबस्क्रिप्शनवर चालणारी साईट 2011 मधे अशीच सुरू झाली, दहा वर्षांत चार कोटी पानांपर्यंत जायचं म्हणून, आणि खरंच त्यामुळे कितीतरी लोकांना आपली माणसं सापडलीत. 1921 ची ब्रिटिश जनगणना 2022 च्या जानेवारीत खुली झाली तीही एका कंपनीमार्फत, तेव्हा एका घराचं मूळ पान बघायला साडेतीन पौंड पडायचे, फुकट बघायचं तर राष्ट्रीय अर्काइव्हच्या इमारतीत किंवा ठरलेल्या एखाद्या लायब्ररीत जावं लागायचं. पण लगेच शेजारी बघा. वेल्सच्या राष्ट्रीय लायब्ररीनं 1919 पर्यंतचे वेल्श पेपर सगळ्यांना फुकट ठेवलेत. म्हणजे एकाच ब्रिटनमधे, एकाच कुटुंबातले दोन भाऊ, एक सीमेच्या अलीकडे राहिला एक पलीकडे, तर एकाची निधनवार्ता फुकट आणि दुसऱ्याची सबस्क्रिप्शनवर. यात खर्चाचा फरक नाही, कागद तोच, यंत्र तेच. निर्णयाचा फरक आहे. न्यूझीलंडनं 'पेपर्स पास्ट' 2001 मधे सुरू केलं, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 2007 मधे आपल्या पेपरांचं, नेदरलँड्सचं, ऑस्ट्रियाचं आहे, सगळं फुकट. जमतं.

माझी कंपन्यांना ना नाही, अट आहे. सार्वजनिक लायब्ररीचे पेपर स्कॅन करायला दिले तर वसुलीसाठी ठरावीक वर्षं द्या, दहा द्या हवी तर, त्यानंतर ती पानं आपोआप खुली झाली पाहिजेत आणि हे करारातच असलं पाहिजे, नंतर मागून मिळत नाही. छोट्या संस्थांना मात्र वेगळी वागणूक हवी. त्या वह्या विकून दोन पैसे मिळवतात आणि त्यातूनच भाडं भरतात, त्यांना तुम्ही सगळं फुकट टाका म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना लायब्ररीनं जागा द्यावी, स्कॅनिंग करून द्यावं, वर्षाला काही अनुदान द्यावं, बदल्यात नोंदी खुल्या. फ्रीबीएमडी या साईटवाल्यांनी तर 1998 पासून इंग्लंड-वेल्सच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या सूचींतल्या कोट्यवधी नोंदी नुसत्या स्वयंसेवकांच्या जोरावर टाईप करून फुकट दिल्यात, त्यामुळे लोक काम करायला तयार नाहीत हे कारण कुणी देऊ नये.

खासगीपणाचा मुद्दा राहिला, आणि तो मी हलका मानत नाही. जनगणनेला कुलूप असतं, अमेरिकेत 72 वर्षं, ब्रिटनमधे 100. पेपराला नसतं. त्यात चोरीचा खटला असतो, आत्महत्या असते, लग्नाआधी झालेल्या मुलाची आई नावानिशी असते. शंभर वर्षांपूर्वीचं ते लपवू नये असं माझं मत आहे, कारण ती बाई त्या वेळी सगळ्या गावासमोर उघडी पडलीच होती, आज तिच्या पणतीला निदान पूर्ण हकिकत कळू दे. पण जिथं मुलं हयात आहेत तिथं हात आखडता घ्यावा आणि जिवंत माणसांचं काहीही, जन्मतारीख सुद्धा, संस्थांनी ऑनलाइन टाकू नये.

ऑस्ट्रेलियाच्या ट्रोव्ह या साईटचं शेवटी सांगतो कारण माझ्या डोळ्यासमोर जे आहे ते तेच आहे. राष्ट्रीय लायब्ररीनं पेपर फुकट ठेवले आणि मशीननं चुकीची वाचलेली ओळ वाचणाऱ्यानं तिथल्या तिथे दुरुस्त करायची सोय दिली, आणि लोकांनी कोट्यवधी ओळी दुरुस्त केल्या, पगार नाही, बक्षीस नाही. आपल्या घराण्याशी काही संबंध नसलेल्या बाईच्या निधनवार्तेतलं आडनाव कुणीतरी नीट करून ठेवतं, आणि पुढच्या वेळी तिच्या घरचं कुणी शोधेल तेव्हा ती सापडते. एवढं असूनही 2023 च्या जूननंतर चालवायला पैसे नाहीत अशी वेळ ट्रोव्हवर आलीच होती. लोकांनी आवाज उठवला, एप्रिलमधे सरकारनं चार वर्षांसाठी 3 कोटी 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले आणि त्यापुढे दरवर्षीची कायमची तरतूदही केली. ही कायमची तरतूदच इतर देशांतल्या वाचकांनी आपापल्या सरकारकडे मागायची आहे, आणि ट्रोव्हवाल्यांसारखी साईट बंद पडायच्या दोन महिने आधी नाही.